नमुना

सावद्यात केळीच्या एका पानावर
पिवळा पट्टा दिसला की
दुपारपर्यंत सगळ्या शिवाराला कळतं.
पान हातात धरून माणूस कृषी केंद्रात उभा,
फोटो या फोनातून त्या फोनात,
तिसऱ्या दिवशी गाडीतून साहेब उतरतात,
कात्रीनं तुकडा कापतात, पिशवीवर नंबर घालतात.
आणि कोणी म्हणत नाही,
लेकीचं जमायचंय अजून, जरा हळू बोला.

माझ्याकडेही नंबर आहेत.
सत्तावीस प्रश्नांचा फॉर्म, दोन पेनं,
स्कूटरच्या डिकीत पाण्याची बाटली
आणि मार्चपासून साठलेले एकशे एकोणीस नकार.
मी गावोगाव फिरून कर्करोगाची नोंद करते.
तो शब्द फॉर्मवर वरच छापलाय
म्हणून दारात शिरताना फॉर्म पालथा धरते.
लोक म्हणतात ते, मोठं दुखणं, गाठीचं.
न्हावीच्या एका म्हाताऱ्यानं तर काहीच म्हटलं नाही,
नुसती मान वळवली
मुंबईकडे जाणाऱ्या रुळांच्या दिशेनं.
एक जण गालातली तंबाखू सांभाळत बोलला,
आमच्यात असलं काही नाही.
मी लिहिलं : माहिती नाकारली.
कागदाला तेवढं पुरतं.

द्वारकाबाई फेगडे, वय एकसष्ट.
ओट्यावर कच्च्या केळांच्या चकत्या पाडत होत्या,
डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.
ऑपरेशनात काढलेल्या गाठीतला
एक तुकडा संशोधनाला ठेवायचा,
त्यावर सही हवी होती.
किसणी न थांबवता म्हणाल्या,
"आमच्या केयीचं टिशू असते, तसंच का व हे?"
नाही, म्हटलं. ती रोपं वाढवायला.
हा तुकडा मेणात बसवतात,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात,
बघतात ही गाठ अशीच का वाढली,
कोणत्या औषधाला ऐकते, कोणत्याला नाही.
तुम्हाला याचा उपयोग होईलच असं नाही.

"मंग कोनाले?"

भविष्यातील रुग्णांना, असं छापलेलं होतं.
ते तोंडातून निघेना.
अंगणात त्यांची नात दोरीवरच्या उड्या मोजत होती,
बेचाळीस, त्रेचाळीस.
माझी नजर तिकडे गेली
आणि द्वारकाबाईंनी ती पकडली.

चकत्यांची परात त्यांनी बाजूला सारली.
"पान पिवयं पडलं तं मालकानं
तिसऱ्या दिवशी तपासाले धाडलं.
मह्या गाठीवर आठ महिने पदर होता."
मग फॉर्मवर बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत,
"न-मु-ना. सासू मले जलमभर हेच म्हने.
घ्या, आता सरकारी झाला."
आणि इतक्या मोठ्यानं हसल्या
की शेजारच्या दोन बायका दारात आल्या.
त्यांना काय झालं ते द्वारकाबाईंनीच सांगितलं,
शब्दासकट, छातीवर हात ठेवून,
भाव सांगावा तसं.
एकीनं दार लावून घेतलं.
दुसरी तिथेच उभी राहिली, काही न बोलता,
आणि मी निघताना फाटकापर्यंत आली.

जळगावला तो ठोकळा मी एकदा पाहिला.
अंगठ्याच्या नखाएवढा, पांढुरक्या मेणात
तपकिरी ठिपका. लोखंडी खण, बाराशेच्या पुढचा आकडा.
नाव नाही, गाव नाही.
खणात बरीच जागा रिकामी होती.
यंत्राची दुरुस्ती अडली होती, पैसे यायचे होते,
आणि तिथला मुलगा हातानंच
वहीत रेघा ओढत होता.

परवा रावेरच्या रस्त्यावर
बांधाला रोगट केळी उपटून टाकणारा एक जण
घाम पुसत स्कूटरपाशी आला.
कसला सर्वे हाय?
फॉर्म सुलटा होता. मी म्हटलं, कॅन्सरचा.
तो मागे सरकेल म्हणून मी किल्लीला हात घातला.
त्यानं हातातला बुंधा खाली ठेवला
आणि विचारलं,
"त्यातबी जाती असतीन ना? कोन्त्या जातीचा?"