पार्टिशन

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत
माझं घर म्हणजे सात बाय सहाचं पार्टिशन.
हॉलमध्ये उभं केलेलं प्लाय, आत एक कॉट,
वाटणीला आलेली एसीची झुळूक.
खिडकी आहे, पण ती पलीकडे, रॉडेलकडे.
तिचे तो दीडशे दिरहॅम जास्त भरतो.

माझ्या खिडक्या लॅपटॉपात होत्या.
ऑफिसने मोडीत काढलेला,
माझ्या आधी कुणीतरी नखाने झिजवलेला.
कोपऱ्यात कायम ती पुसट अक्षरं: ॲक्टिव्हेट करा.
व्हिसाची तारीख जवळ आली की पीआरओ
रोज दारात येऊन नुसता खाकरतो, तसं.

रॉडेल बसतो दुरुस्तीच्या दुकानात.
निम्म्या डिस्कवर त्यानेच लिनक्स घातलं,
म्हणाला, सवय होईपर्यंत दोन्ही ठेव.
ठेवलं. पावणेदोन वर्षं.
चालू केलं की काळ्या पडद्यावर तोच प्रश्न,
कुठे जायचंय?
आणि दहा सेकंद.
उत्तर नाही दिलं तर मुकाट जुन्याच घरी नेऊन सोडायचा.

ते दहा सेकंद माझ्या चांगल्या ओळखीचे.
बावीस वर्षं त्यांच्यातच बसलोय मी:
पुढच्या जूनला कायमचा परत,
मग मुलीची बारावी, मग स्लॅब,
मग पुढचा जून.

रमजानात ऑफिस दोनला सुटतं.
एक्केचाळीस माणसांचे पगार त्या दुपारी माझ्या मांडीवर
आणि पडदा निळा. बंद करू नका. सत्तावीस टक्के.
इफ्तारची तोफ झाली, खालच्या मशिदीत खजूर वाटून संपले,
सत्तावीस टक्के.
त्या रात्री ठरवलं.

यंत्राने दोनदा विचारलं. हे परत येणार नाही, चालेल?
इतकं स्पष्ट मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
पलीकडे रॉडेल घोरत होता. मी हो म्हटलं.

आता पासवर्ड टाकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत,
अंधारात नोटा मोजाव्यात तसं बोटांवर विसंबायचं.
पण नंतर कुणी खाकरत नाही.
या मुलखात स्पॉन्सर नसलेली
माझी ही एकच वस्तू.

टॅली सोडून काही अडलं नाही.
टॅली मात्र अडलीच. प्रिंटर चार दिवस रुसला.
आणि दादांची पत्रं.
तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलेली,
कुठल्याशा जुन्या फॉन्टातली, आता उघडली तर
नुसत्या किडामुंग्या.
दादा जाऊन सहा वर्षं झाली.
मी बघत बसलो.
वर मधोमध एकटं चिन्ह उभं, ते श्री असणार.
खाली डावीकडे तीन ठिपके-रेघा, ते ता. क.
ता. क. नंतर नेहमी विहिरीचा पंप.
मधलं सगळं मला पाठ होतं,
हे मला माहीत नव्हतं.
चौथ्या दिवशी रॉडेलने कुठूनसा तो फॉन्ट आणला,
मराठीचं एक अक्षर न येणाऱ्याने.
पंपच होता.

ईदनंतर म्युन्सिपाल्टी येणार म्हणून कळलं
आणि तासाभरात सगळ्यांची प्लाय गच्चीवर.
हॉल एवढा मोठा आहे, हे सात वर्षांत पहिल्यांदा दिसलं.
नऊ माणसं आपापल्या गाद्यांवर,
लग्नघरी पाहुणे उतरावेत तशी,
एकमेकांच्या बनियनकडे न बघता.
समोरच्या बिल्डिंगवर उन्हात कुणाचा तरी कंदुरा वाळत होता.
मी मांडीवर लॅपटॉप उघडला. तो सरळ चालू झाला.
काही विचारलं नाही त्याने.

रविवारी प्लाय पुन्हा उभी राहिली.
आपलं प्लाय ठोकताना रॉडेलने ते
वीतभर स्वतःकडे सरकवलं. बोलला काहीच नाही,
तोंडात खिळे होते.
काचेची एक उभी पट्टी आता माझ्या हद्दीत आहे.
दुपारी तीनच्या सुमारास तिच्यातून
कीबोर्डावर ऊन येतं, धूळ दाखवतं.

तिचे किती द्यायचे,
हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.
जूनचंही घरी काही कळवलेलं नाही.