पाच गुणांचा प्रश्न

लॉन्ड्रीत बसलो होतो, ड्रायर थांबायची वाट बघत.
बंदरावरचं धुकं वर आलेलं,
काचेला नाक लावून उभं.
काउंटरवरच्या बार्नबलबाईंची डेल्फीन
वही घेऊन समोर आली.
"एफ्रेमकाका, तुम्ही तिकडचेच ना, बेटांवरचे?
इतिहासाचा गृहपाठ आहे. उद्या द्यायचाय."

प्रश्न तिनं वाचून दाखवला:
न्यूफाउंडलंडच्या बेटांवरची गावं लोकांनी का सोडली?
तीन कारणं लिहा. गुण पाच.

म्हटलं, लिही.
डॉक्टर नव्हता.
रस्ता नव्हता.
मास्तरीणबाई नाताळला घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत.
झाली तीन.

तिनं लिहिली. पेन्सिलीला टोक केलं. गेली मात्र नाही.
"आणि घरं खरंच पाण्यावरून आणली?"

आणली तर.
खाली रिकामी पिंपं बांधली, भरतीची वाट पाहिली,
मग दोन होड्यांनी आमचं घर ओढत नेलं,
दावं लावलेलं हट्टी वासरू न्यावं तसं.
खिडक्यांना पडदे तसेच.
आई पुढच्या होडीत, घराकडे पाठ करून.
खाडीच्या मध्यावर दार आपोआप उघडलं
आणि समुद्र उंबरठ्यापर्यंत आला,
बोलावल्याशिवाय आत न येणाऱ्या शेजाऱ्यासारखा.

हे ती लिहून घेत नव्हती.
जे लिहायचं नसतं ते मुलं नीट ऐकतात.
म्हणून असेल, पुढचंही निघून गेलं तोंडातून.

सरकारचा माणूस आला होता कागद घेऊन.
दहातल्या नवांच्या सह्या हव्यात.
घरामागे हजार डॉलर, माणशी दोनशे.
आठ घरांनी केल्या. नववी आमची.
बाबा नाही म्हणाले, आठवडाभर नाहीच म्हणाले.
मग कुणी आम्हाला मीठ उसनं देईना,
बाबा धक्क्यावर गेले की
लोकांना जाळ्यातल्या गाठी अचानक महत्त्वाच्या वाटायच्या.
शिव्या कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं.

एका रात्री बाबा म्हणाले, आणा तो कागद.

बाबांना लिहिता येत नव्हतं. फुली चालली असती.
पण मी नऊ वर्षांचा,
नुकताच सलग अक्षर गिरवायला शिकलेला.
म्हटलं, मी लिहितो तुमचं नाव.
जेबेझ बंगे.
पहिल्या अक्षराला अशी झोकदार शेपटी काढली
की सरकारचा माणूस म्हणाला,
मोत्यासारखं आहे हो पोराचं अक्षर.
आणि मला काय आनंद झाला, डेल्फीन!
घर गेलं, ते समजतं मला.
त्या आनंदाचं काय करायचं
ते अजून समजलेलं नाही.
बाबा शाई वाळेपर्यंत दिव्यापाशी उभे राहिले.
फुंकर मारली नाही.

ड्रायर थांबला होता, केव्हाचा.
"हे चौथं कारण म्हणून लिहू?"
नको. तीनच मागितलीत.
चौथ्याला गुण नसतात.

पुढच्या मंगळवारी
टॉवेलांच्या घड्या घालत होतो तर आली.
पाचापैकी चार मिळाले होते.
ऐकलं नव्हतंच तिनं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
'आणि एका मुलाचं अक्षर फार चांगलं होतं.'
शेजारी लाल शाईत एकच शब्द:
स्रोत?

"म्हणजे कुणी सांगितलं ते. इथं नाव घाला, काका.
मिस म्हणाल्या, सही चालेल. पाचवा गुण देतील."
तिनं पेन पुढे केलं, टोपण काढून.

तीन मशिनं चालू होती,
कुणाच्या तरी चादरी काचेमागे
बुडत होत्या, वर येत होत्या.
कागद मी गुडघ्यावर सपाट केला.
हात हल्ली कापतो. शेपटी आता जमायची नाही.

म्हटलं, पेन नको.
तुझी ती पेन्सिल आहे का?