नमुना सात

सरकारी दवाखान्याच्या मोरीमागची माती,
एक चमचा. चमचा आधी जाळावर धरलेला.
पिशवीवर तारीख, अंबाजोगाई, नमुना सात.
इथं आईनं एकोणीस वर्षं
बाळंतिणींच्या, अपघातातल्यांच्या चादरी धुतल्या.
पाणी इथूनच वाहत गेलं.

एक ग्रॅम माती नऊ मिली पाण्यात,
त्यातलं एक मिली पुढच्या नळीत,
मग त्याच्या पुढच्या.
सहाव्या नळीत माती दिसतच नाही.
काचा विसळता विसळता गफूरमामा म्हणाले,
आमच्या गल्लीत नळाला याहून गढूळ येतं.

आगरमध्ये धुण्याचा सोडा,
सोबत साय काढलेल्या दुधाची भुकटी.
पहिल्या खेपेला बुरशीनं सगळं गिळलं.
दुसऱ्या खेपेला लाईट गेली,
सदतीस अंशांचा इन्क्युबेटर बंद
आणि बाहेर, मे महिन्यात, बेचाळीस.
मी ताटल्या टेबलावरच ठेवल्या.

तर कडेला, जिथं मी बघतही नव्हते,
मोहरीएवढा एक ठिपका, कळकट,
आणि त्याच्याभोवती दूध नाहीसं झालेलं,
इतकं, की ताटलीखालच्या पेपरातली
सोयाबीन बियाण्याची जाहिरात
भावासकट वाचता आली.

दूध खातो तो रक्तही खाईल.
बोट टोचलं. मांजरपाटाचा तुकडा माखला,
दोन दिवस वाळू दिला, काळा पडेपर्यंत.
मग ठिपक्याचा गाळलेला अर्क,
पन्नास अंश, अर्धा तास.

कल्याणकर मॅडमना आकडे हवेत,
किती एकक, दर मिलीला.
ते वहीत लिहिलेत, दोनदा तपासून.
तुकडा मात्र संध्याकाळी घरी नेला.

आईनं तो उजेडाकडे धरलाही नाही.
चिमटीत घेतला, चोळला,
त्याच अंगठ्यानं, जो रेशनच्या मशीनला
तीन वर्षांत एकदाही ओळखू आला नाही.

"डाग गेलाय," म्हणाली,
"पर बुळबुळ हाय अजून. दोन पाण्यातून काढ.
काय टाकलीस गं ह्याच्यात?"
तुझ्याच मोरीतलं, मी म्हणाले.
"मला येडी करायलीस व्हय?"

तिनं तुकडा एकदा हुंगला,
आणि मी हात पुढं करेपर्यंत
बादलीत टाकून दिला,
बाकीच्या धुण्यात.