नऊ दिवस मोटर बंद

डिसेंबरात आरेमध्ये पहाटे धुकं उतरतं.
सोमा भोये कानटोपी घालून येतो
आणि मुकादमच्या पाठीवर गोणपाट टाकतो.
मुकादम म्हणजे रेडा क्रमांक सतरा, मुऱ्हा,
सातशे किलो, शिंगं जिलबीसारखी वळलेली.

काचेवर थेंब घेते, भिंगाखाली सरकवते.
एरवी तिथे भोवरे उठतात,
डोळा ठरत नाही.
आज मुडपलेल्या शेपट्या,
काही नुसतीच डोकी,
काही जागच्या जागी गोल फिरणारे,
आणि बाकीचे पडून.

थंडी बाधली असेल, डॉक्टर इंगवले म्हणाले.

मी दप्तर मागे उलटत गेले.
नोव्हेंबर. ऑक्टोबर.
चौदा तारखेवर बोट थांबलं:
'फवाऱ्याची मोटर जळाली. मागणीपत्र पाठवले.'
मग एकदम तेवीस:
'मोटर प्राप्त.'
मधल्या नऊ दिवसांबद्दल
कुणी शाई खर्च केली नव्हती.

म्हशीच्या जातीला घाम बेताचाच.
म्हणून शरीर ती एक पिशवी
पोटाबाहेर लोंबती ठेवतं,
अंगापेक्षा तीनचार अंश थंड,
आजोळी लोण्याचा गोळा
दोरीला बांधून विहिरीत सोडायचे तसा.
दोरी पुरेल तितकी सैल सोडायची.
पण विहिरीचंच पाणी तापलं तर?

आणि नासलेलं लगेच दिसत नाही.
तेव्हा जे आत घडत होतं,
डोकं झालेलं, शेपूट यायची होती,
ते साठ दिवसांनी काचेवर येतं,
सगळे स्वेटर घालून चहा पीत असताना.
उन्हाचं नाव काढलं तर हसतात.

रामअवधचा तबेल्यावरून फोन:
मॅडम, पाचच्या पाच उलटल्या.
नोव्हेंबरात बर्फाच्या थर्मासमधून
मीच पाठवल्या होत्या त्या मात्रा.
दिसायला बऱ्या होत्या.
खुराक बदलला, मीठ दिलं, झाडपाला दिला,
आता भाकड म्हणून काढून टाकतो, म्हणाला.
थांबा, मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

गाय भाकड, म्हैस भाकड,
गोष्टसुद्धा भाकड.
रेड्यासाठी आमच्या छापील फॉर्मात
तसा शब्द नाही.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'विश्रांती'.
साठ दिवस. सावली. उन्हं चढली की पाणी.
सोमा हसला,
साहेबांना भरपगारी रजा लागली.

माझी तपासणी तीनदा झाली आहे.
रक्त, सोनोग्राफी,
नळ्यांमध्ये रंग सोडून काढलेला फोटो,
तेव्हा टेबलाची कड धरून ठेवली होती मी.
सासूबाईंचे उपास वेगळे,
माझ्या नावाचे.

गुरुनाथ रात्री दहाला निघतो.
माझगावच्या बेकरीत, भट्टीच्या तोंडाशी,
लांब फावड्यावर पाव आत, पाव बाहेर,
कमरेला ओला पंचा, तोही पाऊण तासात कोरडा.
घरी येतो तेव्हा हातावरचे केस
कोपरापर्यंत जळलेले असतात.
त्याला कुणी काही विचारलेलं नाही.
मीही नाही.
सात वर्षं भिंगात बघते आहे मी.

आज तो आला, दोन पाव टेबलावर ठेवले, गरम.
मी म्हटलं,
शेठला सांगून दोन महिने काउंटर घे.
का?
पाठ दुखते म्हणतोस ना.
तो पाव मोडत राहिला.
मग म्हणाला, पगार कमी होईल.
होऊ दे.

मी कॅलेंडर काढलं, पुढच्या वर्षाचं,
खिळ्याला लावलं,
बोटांनी आठवडे मोजत गेले
आणि फेब्रुवारीत एका मंगळवारी
पेन्सिलीने ठिपका दिला, बारीक.

त्या दिवशी काय आहे? त्याने विचारलं.

मुकादमची तपासणी, मी म्हटलं,
आणि आंघोळीचं पाणी
आज तापवायला ठेवलं नाही.