उतार

मी मोटर भरतो.
जळालेली वायंडिंग उकलून तांब्याची नवी तार
वेढे मोजत घालतो, चुकत नाही.
अडाणच्या दोन्ही काठांवरच्या सबमर्सिबल
माझ्याकडेच येतात. वासावरून सांगतो
कोणती किती वेळ कोरडी चालली.
हे आधीच सांगून ठेवतो,
कारण पुढे जे आहे त्यात मी ढ आहे.

सातवीत डोंगरदिवे सर भूगोलाला होते.
एप्रिलमधल्या एका सकाळी अख्खा वर्ग गावतलावावर नेला.
पाणी पार खाली गेलेलं. काठाच्या चिखलावर
ते जिथे जिथे थांबलं होतं
तिथे एकेक रेघ ठेवून गेलं होतं,
वाळकी, शेवाळाच्या रंगाची, एकीखाली एक.
सर म्हणाले, बघा, पाण्यानं नकाशा काढला.
रेघा खेटून असल्या की चढ उभा,
लांब लांब असल्या की म्हैस निवांत उतरते.
पंचफुला किनाके चपला हातात घेऊन
एकाच रेघेवरून अर्धा तलाव चालून आली.
"सर, मी वरतही गेली नाही न् खालतही नाही."
सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.
मी पाण्यावर खापऱ्या उडवत होतो.
चार टप्पे. एकदा पाच.

संध्याकाळी कुणाचा तरी बाप शाळेच्या फाटकात:
"मास्तर, हे पेपरात येते का?"
"नाही येत."
एवढंच म्हणाले सर. मला वाटलं, हरले.
त्यांनी बेडकाचं काळीज फळ्यावर काढलं होतं,
दूरच्या देशातल्या एका राजावर त्याच्याच लोकांनी
खटला कसा चालवला ते सांगितलं होतं,
आणि एक कविता वाचली होती जिच्यात काहीच घडत नव्हतं,
नुसती संध्याकाळ होत होती.
तेही पेपरात आलं नाही.

परवा ग्रामसभा.
विषय क्रमांक चार: टेकडीवर गिट्टीखदान, ना-हरकत.
सतरंजी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या,
भिंतीला सेलोटेपनं चिकटवलेला नकाशा.
साहेब गोड बोलले. खदानीचं पाणी
पलीकडे जाईल म्हणाले, उत्तरेला, जंगलात.
क्रशरला मोटरी किती लागतील
हे मी मनात मोजून ठेवलं होतं.
हात वर करा म्हटल्यावर माझा गेला.
कुणी ओढला नव्हता, कुणी पाजली नव्हती,
पाचही बोटं माझीच, मोकळी.

मागून पंचफुला उठली.
अंगणवाडीत खिचडी शिजवते, नखांत हळद.
नकाशाच्या एका रेघेवर तिनं बोट ठेवलं
आणि चालवत नेलं, हळूहळू,
जशी तेव्हा चपला हातात घेऊन चालली होती.
"साहेब, उत्तरेला त चढ हाये.
उतार हाये तो आमच्या पिण्याच्या विहिरीवर.
पाणी चढ चढते का?"

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.
साहेबांनी वळून नकाशा पाहिला,
बहुतेक पहिल्यांदाच.

पाणी चढवायला काय लागतं
हे त्या सतरंजीवर माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?
अश्वशक्ती, हेड, पाइपाची इंची, सगळं तोंडपाठ.
आणि हात माझा वर.
वर जाताना काही वाटलं नव्हतं त्याला.
खाली घेताना खांदा भरून आला.

विषय पुढच्या सभेवर ढकललाय.
तेव्हा काय होईल, माहीत नाही.
गाड्या पाठवतील, जेवण ठेवतील,
पंचफुलाला कुणीतरी घरी जाऊन समजावेल.

माझी पोरगी टेस्ट सिरीज सोडवते.
चार पर्याय, एक गोल, घड्याळ लावून.
रविवारी तिला म्हटलं, चल, तलावावर.
"बाबा, त्यावर प्रश्न येतात का?"
"नाही येत," म्हटलं,
आणि माझ्याच आवाजाकडे जरा बघत राहिलो.

मार्गशीर्ष. तलाव काठोकाठ.
एकही रेघ दिसत नव्हती.
एप्रिलपर्यंत थांबावं लागेल म्हटलं, तर तिनं विचारलं, कशासाठी?
मी सांगायला लागलो. नीट जमेना.
ती वाकून
एक चपटी खापरी शोधत होती.