खाली

नॉर्समनच्या पूर्वेला, डांबर संपतं त्याच्याही पुढं
ही निलगिरी. मॅली म्हणतात तिला.
घाटातल्यासारखी उंच, सरळसोट नाही;
बुटकी, जमिनीतूनच फाटे फुटलेली,
पानं उन्हाकडं धार करून लोंबणारी.
सावली मागाल तर चाळणीएवढी.

नातू मोजतो : एक, दोन... पाच झाडं.
"खोडं मोजतोयस," मर्ल म्हणते,
"झाड खाली आहे."

खाली गाठ. गाडीच्या चाकाएवढी,
किती वणवे पोटात घातलेली.

ती एकच मूळ उकरते,
हातभर तुकडे करून डब्यात उभे ठेवते.
पाणी येत नाही. माश्या येतात.
नातू फोन काढतो. रेंज नाही.

मग टप्.
बऱ्याच वेळानं, टप्.

तळ भिजल्यावर डबा त्याच्या हातात.
"गोड नाही गं."
"सरबत आहे का ते?"

मर्ल खड्डा बुजवते, वरून पाय फिरवते.
"मला मिशनच्या ट्रकमध्ये घातलं ना,
सहा वर्षांची होते,
तेव्हा हे नुसता कोळसा होतं."

एवढंच.
कुदळीची माती ती
बराच वेळ पुसत राहते.