सपाट चमचा

वडगावात सहा दुकानं, शहापुरात चार.
खडेबाजारात एकानं लांबूनच हात हलवला,
लोड आला नाही.
गडहिंग्लजला आहे म्हणे. तिथंही नव्हता.
परत येऊन आधी पेट्रोल बघितलं,
मग डब्यातली पावडर मोजली:
अकरा चमचे.
तीन वेळचे, वर दोन.

कस्तुरी अजून सिव्हिलमध्ये,
तिच्या औषधांमुळं पाजायला बंदी.
मुलगी चाळीस दिवसांची,
नाव ठेवायचं राहिलंय.

'पाणी वाढव की जरा,
तिला काय कळालंय?' शेजारी म्हणाला.
तांब्या उचललाही होता मी,
एवढ्यात महादेवी अक्का वजनकाटा घेऊन दारात.
'नीरु जास्ती हाकबेडी!'
आणि माझं तोंड बघून, मराठीत,
'पोट भरतंय रे, पोर वाळतंय.'
म्हशीचं चालेल?
'अजून नको. उद्या सकाळी डबा बघून आणते,
मिळाला तर.'

तीस वर्षं मागावर बसलोय.
ताण्यातले धागे चोरून विणलेलं लुगडं
दुकानात झकास दिसतं,
तिसऱ्या धुण्याला चाळण.
एवढं मला कळतं.

पाणी उकळलं, निववलं,
खुणेपर्यंत भरलं.
सुरीच्या पाठीनं चमचा सपाट केला,
एक.
वाटी तिच्या ओठाला लावली.

रात्री कस्तुरीचा फोन,
'काय करालास?'
'मोजालोय,' म्हटलं.
ती काही बोलली नाही,
मागं वॉर्डातलं कुणाचं तरी बाळ रडत होतं.